एका नावाचे पाचजण आणि एक विहीर

आमच्या गावात एकाच नावाचे पाचजण नावाजले. पाचवा मी, आणि माझा लौकिक गाढवपणाचा, तेव्हा खरं म्हणजे चारच धरा. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि ते पळवायला माझाच आवाज कामी आला. आजही कुणी मागून त्या नावानं हाक मारली तर मी आधी मनातल्या मनात एक शिवी हासडतो आणि मग वळतो.

मेहकराहून साखरखेर्ड्याकडे जाताना एक फाटा आत वळतो, तिथे आमचं गाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. हुकूम नागपुराहून निघायचे आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांतला दम गेलेला असायचा. मग त्यात दम भरायचं काम गावातला मालदार माणूस करी.

त्या नावाचा पहिला म्हणजे एक बैरागी. कुठून आला, केव्हा आला, कुणाला ठाऊक नाही. गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली दगडांचा ओटा आहे, ती त्याची समाधी. दुसरा एक नाईक. पेंढारी गावावर आले तेव्हा वेशीत उभा राहिला आणि वेशीतच पडला. त्याच्या नावाचा शेंदूर फासलेला दगड ओट्याशेजारी आहे. तिसरा माझा आजा. त्याचा ना ओटा, ना दगड, ना शेंदूर. तो वांगी-मिरच्या पिकवून बाजारी विकणारा माणूस. दुष्काळाच्या साली त्यानं भावांना, मुलांना आणि नव्यानं आलेल्या सुनांना घेऊन त्या कडुनिंबापाशी, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत काळा खडक फोडला आणि विहीर खोदली. पाणी लागल्यावर म्हणाला, "ज्याच्याजवळ दोर हाय त्यानं काढावं." ज्यांना काठावर चढू देत नसत, त्यांच्यासाठी त्यानं खालच्या अंगाला एक दगडी डोणी ठेवली, वरून कुणी ओतेल ते पाणी भरून घ्यायला. पुष्कळ दिवस मला तो आज्याचा मोठेपणा वाटे. आता वाटत नाही. दोर त्यांच्याजवळही होता.

चौथा मालक. गढीत राहणारा, अर्ध्या शिवाराचा धनी. मी हे सांगतो आहे त्या काळात चौघांपैकी जिवंत असा तो एकटाच होता, आणि जिवंत असण्याचा त्यानं फार फायदा घेतला.

विहिरीलाही तेच नाव पडलं, आणि दर वर्षी रामनवमीच्या आगेमागे तिच्यावर भंडारा होई. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पहिला घास घेण्याआधी एकानं त्या नावाची आरोळी द्यायची आणि सगळ्या पंगतीनं "जय!" म्हणायचं. माझ्या जन्माआधी यावरून एकदा डोकी फुटली होती. बैराग्याला मानणारी माणसं म्हणत, नावापुढे महाराज लावा. नाइकाची माणसं म्हणत, नाईक लावा. शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली, की नुसतं नाव घ्या, पुढे-मागे काही लावू नका, ज्याला ज्याचं ऐकायचं त्यानं त्याचं ऐकावं. या शहाणपणाचं तेव्हा फार कौतुक झालं म्हणतात. मला ते शहाणपण काढणारा एखादा म्हातारा भेटायला हवा होता. पण ते सगळे वेळेवर मेले.

मालक मोठा झाला तसा तो पंगतीच्या तोंडाशी बसू लागला. "जय!" झालं की हात जोडून सगळीकडे मान लववायचा, जशी काही ती त्याच्याच लग्नाची वरात. लोक हसायचे. पुढे हसायचे थांबले. आणखी पुढे कुणाला त्यात हसण्यासारखं काही दिसेनासं झालं.

मला तर लहानपणी वाटे की हे माझंच चाललंय. एका भंडाऱ्याला माझ्या नावाची आरोळी झाली, एवढी माणसं "जय!" म्हणाली, तसा मी हात जोडून उभा राहिलो आणि पुढच्या माणसाच्या वरणात पाय दिला. आईनं तिथंच एक ठेवून दिली. मी जे भोकाड पसरलं ते म्हणे पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. जुना आरोळीवाला खोकल्यानं बेजार होता. त्याच्या जागी लोकांनी मला धरलं. आवाज हा माझ्याजवळचा एकच गुण, आणि तो असा सर्वांसमक्ष सिद्ध झाला.

मला मिशा फुटल्या, मेहकरला जाऊन सातवी पास होऊन आलो, वडील वारले, बाग आईच्या आणि माझ्या गळ्यात आली. आरोळी चालूच होती.

त्या सुमारास मालक उमरावतीकडे मेव्हण्याकडे गेला आणि संत्र्याची बाग पाहून आला. आल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. कलमं आणली, खड्डे केले, कुंपण घातलं. संक्रांतीनंतर त्याच्या मळ्यातली विहीर आटली. मग एका सकाळी त्याच्या गड्यांनी आमच्या विहिरीवर मोट चढवली. बैलांना चालायला उताराची धाव खोदली आणि पाणी त्याच्या कलमांकडे पाटानं वाहू लागलं. लोक म्हणाले, असेल दोन दिवसांचं काम. दोन दिवसांनी दुसरी मोट आली.

ती विहीर गावचं प्यायचं पाणी होती. तिच्यावर आमची आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या भाजीवाल्यांची बाग होती. आमचं पाणी आम्ही घागरींनी, कावडींनी नेऊन घालत असू, मोट चढवायची कुणाची छाती झाली नव्हती. दोन मोटा उन्हाळाभर चालल्या असत्या तर चैत्रात विहिरीत बेडूकही राहिला नसता. हे शेंबड्या पोराला कळत होतं. मालकाला कळत नव्हतं असं नाही.

आई म्हणाली, "जाय, त्याले सांग."

मी ताडताड गढीवर गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. मालक ओसरीवर बसला होता.

"या, आमचे नामराशी आले! चहा टाका वं."

"मालक, इहिरीचं पानी..."

"बस तं पहिले. अबे, त्या इहिरीले माहं नाव, तुहं बी नाव. म्हंजे घरचीच झाली का नाही? पानी तुह्या वांग्याले गेलं काय अन् माह्या संत्र्याले गेलं काय!"

मी हसलो. खोटं कशाला बोलू, हसलो. मग त्यानं मला कलमं दाखवली. मी एका कलमाचं पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणालो, "तजेला चांगला हाय." भांडायला गेलेला माणूस बागेची तारीफ करून घरी आला.

"काय म्हने तो?" आईनं विचारलं.

"चहा पाजला."

"अन् पानी?"

"त्याचं बोलनं निघालं नाही."

"चहा कोन्या पान्याचा होता, ते तरी पुसलं का?"

त्या दिवसापासून मला चहा गोड लागत नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. लागतो. पण मालकाचा राग येण्याआधी मला माझा येतो, हे तेव्हापासूनचं.

थोड्याच दिवसांत नायब तहसीलदार दौऱ्यावर आले. आमराईत तंबू पडला. साहेबांच्या घोड्याला चारा मालकाचा, साहेबांना दूध मालकाचं, शिपायांना कोंबडी मालकाची. तरी गल्लीनं मला पुढे ढकललं. सातवी पास ना मी! मी तंबूपुढे उभा राहून बोललो आणि, नवल म्हणजे, नीट बोललो. साहेब म्हणाले, उद्या सकाळी विहिरीवर येतो, सगळ्यांसमोर विचारतो. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं.

सकाळी सगळं गाव विहिरीवर. पुरुष एका बाजूला, बाया डोक्यावर पदर ओढून दुसऱ्या बाजूला. मालक पांढऱ्याशुभ्र धोतरात.

साहेबांनी म्हाताऱ्यांना विचारलं, "ही विहीर कोणाची म्हणतात?"

म्हाताऱ्यांनी नाव सांगितलं. सगळ्यांनी एकच.

मालक दोन पावलं पुढे झाला. "आमच्या पणज्याचं हेच नाव होतं साहेब. माहं बी हेच."

कुणी हरकत घेतली नाही. बैराग्याच्या माणसांना वाटलं, आपण बैराग्याचं नाव सांगितलं, आपलं काम झालं. नाइकाच्यांना वाटलं, नाइकाचं. माझ्या आज्याची माणसं म्हणजे आमची गल्ली, ती माझ्याकडे पाहत राहिली. मी मालकाकडे पाहत राहिलो. त्या पणज्यानं हातात कुदळ धरली असेल तर ती दसऱ्याला पूजेपुरतीच!

तेव्हा आई पुढे आली. पदर दातांत धरलेला, पण आवाज खणखणीत.

"साहेब, हे इहीर माह्या सासऱ्यानं खंदली. मी नवी नवरी होती. टोपल्यानं माती वाह्यली म्या. या मालकाचे वडील तवा काठावर येऊन हसत. म्हनत, दगडातून पानी काढता काय बे!"

"सासऱ्यांचं नाव काय?" साहेबांनी विचारलं.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नसे. तेच नाव नातवाला ठेवलं तर नातवालाही त्या नावानं हाक मारत नसे. आईनं मला जन्मात नावानं बोलावलं नाही. "अरे", "ओ", "कुठी मेला", यांतल्या कशालाही मी ओ देत असे. आता साहेबासाठी ती काय नाव घेणार?

"नाव सांगितल्याशिवाय मी समजायचं तरी काय, बाई?"

"जाऊ द्या साहेब," मालक हसत म्हणाला, "बाईमानूस. ऐकीव बोलते."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी असतो तर विहिरीत उतरलो असतो. तो मिशीवरून हात फिरवत राहिला.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही यांचे चिरंजीव ना? मग आजोबांचं नाव तुम्ही सांगा. जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

किती सोपं होतं! आज्याच्या बापाचं नाव आधी लावायचं होतं. आमची गल्ली सांगायची होती. आमचा धंदा सांगायचा होता. "माझा आजा" एवढे दोन शब्द आधी म्हटले असते तरी पुरत होतं. आणि मी काय केलं? समोर विहीर, माथ्यावर तो कडुनिंब, भोवती सगळं गाव, आणि "मोठ्यानं" हा हुकूम. छाती आपोआप भरली, मान वर झाली, डावा हात कानावर गेला, आणि ते नाव मी असं ठोकून दिलं, अगदी भंडाऱ्याच्या चालीत, लांबवून, शेवटी वर उचलून.

आणि सगळं गाव एका तोंडानं गरजलं, "जय!"

कडुनिंबावरचे कावळे उडाले. मालकानं हात जोडले आणि चारी बाजूंना मान लववली.

साहेब थक्क झाले. मग हसले. "गावाचं फार प्रेम आहे हो तुमच्यावर," ते मालकाला म्हणाले. सकाळी गावानं प्यायचं पाणी भरावं, नंतर मोट चालू राहावी, असं तोंडी सांगून ते घोड्यावर बसले. ऊन अजून चढलं नव्हतं.

जाता जाता मालक माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. "वा रे नामराशी!"

घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "आवाज चांगला हाय तुहा."

मी गल्लीत घरोघर हिंडून भांडलो. शेजारचा एक जण, आमच्यासारखाच भाजीवाला, त्याची मिरची आमच्याआधी वाळणार होती, त्याला ओट्यावरून खाली ओढलं.

"काऊन जय म्हटलं बे तू?"

"तू काऊन बोंबलला?"

"मले साहेबानं सांगितलं!"

"अन् मले तू सांगितलं! तू बोंबलला का तोंडातून निंगतेच, बाप्पा. समोर पत्रावळ नाही हे मले मागून ध्यानात आलं."

त्याची मान सोडून मी घरी आलो. त्याच्यावर चिडावं तर तो माझ्यासारखाच निघाला. एवढ्या वर्षांत आम्हाला एवढंच शिकवलं होतं, की नाव ऐकलं की जय म्हणायचं आणि मग जेवायचं. नाव कुणाचं ते विचारायचं नाही. आणि शिकवणी दरवर्षी मी घेत होतो.

मोटा चालल्या. बाया पहाटे घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत, मागच्यांना गढूळ मिळे. आम्ही वांग्याच्या एका ओळीला पाणी घालायचं सोडलं, मग दुसरीला. पानं आधी मऊ पडली, मग कडेनं करपली. एवढीएवढी फळं सुरकुतून देठाला लटकली. कुंपणापलीकडे मालकाची कलमं हिरवीगार होती. मी जाता-येता तिकडे थुंकायचो. थुंकी तेवढी शिल्लक होती.

त्यात भंडारा आला. वांगी नेहमी आमच्या बागेतून जात, फुकट, आज्यापासूनची रीत. त्या वर्षी मालकानं सुलतानपूरहून गाडीभर आणवली आणि आम्हाला विचारलंही नाही. मी घरी सांगितलं, मी आरोळी देणार नाही. आई म्हणाली, "नको देऊ. पन ये."

पंगत बसली. पत्रावळीवर रोडगा फोडून वर तूप सोडलेलं. मी मान खाली घालून बसलो.

"हं, नामराशी, दे आरोळी," मालक म्हणाला.

पोटात कावळे ओरडत होते, पण तोंड बंद. मालकानं दिवाणजीला खूण केली. दिवाणजीनं बारीक किरट्या आवाजात नाव घेतलं. अर्ध्या पंगतीनं "जय" म्हटलं. अर्धी पंगत माझ्याकडे पाहत राहिली आणि मग जेवायला लागली. मीही एक घास तोंडात घातला. आरोळी द्यायची नाही असा माझा पण होता, रोडग्याबद्दल काही ठरलं नव्हतं.

पंगतीला पाणी द्यायचं काम बायांकडे. आईनं विहिरीत बादली सोडली. दोर सरत गेला, सरतच गेला. वर आली ती बादली तिनं कमरेवर घेतली, सरळ पंगतीच्या तोंडाशी गेली आणि मालकाच्या पत्रावळीशेजारी ठेवली. आत चिखल होता.

"घ्या," ती म्हणाली. "प्या."

मालकाचा हात वरणातच थांबला. "दुसरी काढून आना वं."

"दुसरी नाही. तुमच्या संत्र्याइले मांगा."

एवढं बोलून ती वळली आणि मोटेच्या धावेवर, जिथून बैल उतरतात तिथे, मधोमध जाऊन बसली. एक म्हातारी उठली, तिच्या शेजारी बसली. मग आमच्या गल्लीतल्या, मग दुसऱ्या गल्लीतल्या, बैराग्याला मानणाऱ्या घरांतल्या, नाइकाच्या घरच्या. डोणीवर पाणी घेणाऱ्या बाया लांब उभ्या होत्या. आईनं त्यांना हात केला. त्या आल्या. तिकडे पंगतीत पुरुष हात वर धरून बसले होते, खावं की उठावं ते कळेना. माझ्या तोंडात रोडगा होता. थुंकावा की गिळावा? गिळला. मग उठलो.

दुसऱ्या सकाळी बैल आले तेव्हा बाया धावेवर होत्या. मोटकरी आमच्याच गल्लीतला. त्यानं बैल थांबवले. मालक आला. आधी समजावणीनं बोलला, मग साहेबाच्या हुकुमाचं बोलला, मग ओरडला. एकही बाई जागची हलली नाही. तेव्हा तो माझ्यावर आला.

"सांग बे तुह्या मायले, उठ म्हनाव!"

"तुमीच सांगा मालक," मी म्हणालो. "मी तोंड उघडलं का घोटाळा होते, तुमाले ठाऊक हाय."

त्यानं मोटकऱ्याला बैल हाकायला सांगितलं. मोटकऱ्यानं हातातला मोटेचा नाडा सोडून दिला. मोट खाली गेली आणि चिखलात धप्प आदळली.

"बायायवर बैलं मी नाही घालनार. तुमी हाका."

मालक नाड्याकडे पाहत राहिला. तो त्यानं जन्मात हातात धरला नव्हता. आईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, त्याच्याकडे न पाहता. "बैलं घरी न्या. उन्हात उभे हायेत बिचारे."

बैल गेले. दुसरा मोटकरी मालकाला मिळाला नाही. बाया पाळीपाळीनं पुष्कळ दिवस तिथे बसत राहिल्या, शेवटी त्याच्या गड्यांनीच मोटेचं सामान उतरवून नेलं. साहेबाचा हुकूम कुणी फिरवला नाही. मालकानं कधी चूक मान्य केली नाही. वाटेत भेटला की "काय नामराशी" म्हणायचाच, आणि मी वयाचा मान राखून गप्प बसायचो. अजून त्या गप्प बसण्याचा संताप येतो.

विहिरीला हळूहळू पाझर आला. गावाला प्यायला पुरेल एवढा. वांग्यांना उशीर झाला होता. एकही झाड वाचलं नाही. आईनं आणि मी ती वाळकी झाडं मुळासकट उपटली, मोळ्या बांधल्या, घरी आणल्या. चुलीत ती झाडं पटकन पेट घेत, कागदासारखी. तिनं त्यांच्यावर भाकर भाजली आणि माझ्यापुढे टाकली.

"खाय. गरम हाय तोवर."

मी खाल्ली. इतका राग गिळत मी आयुष्यात दुसरी भाकर खाल्ली नाही.